नंबर टाका आणि बिनघोर बसा

रिसेप्शनच्या टेबलावर अकरा वर्षं बसलं की फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायलींना कुलूप लावता येतं, किस्से तोंडावर येतातच! आमच्या मॅडम धाराशिवला मानसशास्त्रज्ञ आहेत. मी त्यांच्याकडं पेशंटच्या वेळा लावते, चहा सांगते आणि घाबरलेल्यांना धीर देते. पेशंटची नावं अर्थातच सांगणार नाही. सुरुवात मी हसत करते, पण शेवटचा किस्सा हसण्यावारी नेता येत नाही.

माझ्या मागच्या भिंतीवर मॅडमचं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. हल्ली कुणीही उठून समुपदेशनाची पाटी लावतं, याची मॅडमना फार धास्ती. म्हणून त्यांचा नियम, नवीन माणूस आला की आधी सांगायचं, "तज्ज्ञांच्या नोंदीच्या सरकारी वेबसाइटवर आमची नोंद तपासा, मगच आत जा."

*

ढोकीचे एक काका चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मी नियमाप्रमाणं वेबसाइटचं सांगितलं. काकांनी हात झटकला.

"ते ऱ्हाऊ द्या. म्याडम मूळच्या कुठल्या? माहेर कोन्तं? मामा काय करतेत?"

सोयरीक जमवायला आल्यासारखी चौकशी!

"काका, त्यांची सगळी नोंद आहे वेबसाइटवर."

"मामाचं गाव हाय का त्यात?"

नव्हतं. काका बाहेर गेले, तीन जणांना फोन लावून मॅडमच्या मामाचा पत्ता काढला, तेव्हा कुठं मुलाला आत सोडलं! तो बिचारा तेवढा वेळ खुर्ची घट्ट धरून बसला होता. त्याला कशाची भीती वाटते, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

*

जळकोटहून एक शिक्षिका यायच्या, स्कार्फ पार डोळ्यांपर्यंत. मी कौतुकानं कॉम्प्युटरवर ती नोंदीची वेबसाइट उघडून दाखवली, तर बाईंचा चेहराच उतरला.

"म्हणजे इथं येणाऱ्याचं नाव साऱ्या जगाला दिसतं?"

"अहो, फक्त तज्ज्ञांचं. पेशंटचं नाही."

पटेना. "माझं टाकून बघा बरं."

टाकलं. आणि आलं की, आडनावासकट! बाई मटकन खाली बसल्या. "आता शाळेत कुठल्या तोंडानं जाऊ?"

ती त्याच नावाची नागपूरकडची कुणी मानसशास्त्रज्ञ होती. हे त्यांना पटवेपर्यंत माझ्याच तोंडाला कोरड पडली.

*

एका वडिलांनी मात्र खरंच मोबाइल काढून तपासलं. बराच वेळ बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ताई, ह्या नावाची बाईच न्हाय हितं!"

वेटिंगमधल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी रोज ती फ्रेम पुसते, पण आतलं कधी वाचलं होतं? वळून पहिल्यांदा नीट वाचलं. नोंद मॅडमच्या माहेरच्या नावानं होती! नंबर टाकल्याबरोबर पान उघडलं आणि हिरव्या अक्षरांत 'नोंदणी चालू' आलं. जिवात जीव आला.

त्या दिवसापासून पेशंटला, शेजाऱ्यांना, नात्यातल्यांना माझा एकच सल्ला, "नावाकडं बघूच नका! नंबर टाका, हिरवं आलं की बिनघोर बसा." फार हुशार झाले होते मी.

*

मग ते गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. भावासाठी चौकशी करायची म्हणाले. मामा विचारला नाही की माहेर विचारलं नाही, थेट फ्रेमसमोर उभे राहिले.

"फोटो काढू का? तपासून घेतो."

माझा ऊर भरून आला! काचेवर उजेड चमकत होता, तर मीच ट्यूबलाइट बंद केली. त्यांनी दोन फोटो काढले. मी चहा पाजला. ते गेल्यावर मॅडमना म्हटलं, "जिल्ह्यात एक तरी शहाणा निघाला!"

मॅडमनी विचारलं, "अपॉइंटमेंट कधीची घेतली त्यांनी?"

घेतलीच नव्हती.

*

माझी थोरली बहीण, आक्का, येरमाळ्याला असते. तिची पल्लवी वीस वर्षांची. परीक्षेत नापास झाल्यापासून तिची झोप उडाली, छातीत धडधड व्हायची. दवाखान्याच्या गोळ्यांनी कुठं जरा जेवायला लागली होती. मावशीच्या क्लिनिकला यायची तिला लाज वाटायची, म्हणून मीही आग्रह केला नव्हता.

एका दुपारी आक्काचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "सुनंदे, हितं हायवेला नवे सर आलेत, मनाचे डॉक्टर! आठ दिस झाले पल्लवीला दाखवतोय. गोळ्या पार बंद केल्या बघ त्यांनी!"

"बंद? अगं, तशा एकदम बंद नसतात करायच्या! झोपते का ती?"

"झोप न्हाय, पर सर म्हनले, आधी तरास वाढतोच."

मी त्या सरांचं कार्ड पाठवायला सांगितलं. आलं. खाली रजिस्ट्रेशन नंबर होता. मी तो टाकला. हिरव्या अक्षरांत 'नोंदणी चालू' आलं आणि वर नाव आलं, आमच्या मॅडमच्या माहेरचं.

मी वळून फ्रेमकडं पाहिलं. आकडा न् आकडा तोच. मला तो इस्त्रीचा शर्ट आठवला, बंद केलेली ट्यूबलाइट आठवली. घाईघाईत आक्काचा नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"आक्का, पल्लवी कुठंय?"

"आत हाय की, सरांपाशी. दार लावून घेतलंय. आमाला भाईर बसवलंय."

"अगं, तुम्ही तपासलं नाही का?"

"तपासलं की! नंबर टाकला, हिरवं आलं. नाव कुन्या बाईचं आलं व्हतं, पर तूच म्हनली व्हतीस न्हवं, नावाकडं बघूच नका म्हनून!"