उतरा, आडमुठे!

गावाचं नाव आडमुठे. कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं, देव जाणे. ज्याने ठेवलं त्याला पुढच्या पिढ्यांची काडीचीही काळजी नसावी. बाहेर कुणी "तुम्ही कुठले?" म्हणून विचारलं की इथली माणसं आधी घसा साफ करत आणि मग विषय बदलत. खरा तमाशा व्हायचा तो बसमध्ये. कंडक्टर ओरडायचा, "उतरा, आडमुठे!" आणि निम्मी गाडी फिदीफिदी हसायची. उतरणारे मुकाट्याने उतरायचे, कारण हुज्जत घातली असती तर नाव सार्थ झालं असतं.

याच गावची एक मुलगी पुढे त्याच मार्गावर कंडक्टर झाली. आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावर पेंगणारा ताडकन उठून बसावा. बोलायला फटकळ, कामाला चोख, आणि भीती कशाशी खातात ते तिला ठाऊकच नव्हतं. तिची शेवटची गाडी संध्याकाळी गावात मुक्कामाला यायची. म्हणूनच तर तिने हा मार्ग भांडून मागून घेतला होता. आई गेल्यापासून घरात बाबा एकटे होते, आणि लेक समोर बसल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

पहिल्याच दिवशी गावचा थांबा आला आणि पुकारायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. दाराशी तिच्या शाळेतल्या बाई उभ्या होत्या. हातात पिशव्या, मान आधीच खाली घातलेली. ज्यांनी आपल्याला अक्षरं शिकवली त्यांना असं उतरवायचं? तिने घंटीची दोरी ओढली आणि म्हणाली, "चला, आपलं गाव आलं!" कुणी हसलं नाही. बाई मान वर करून उतरल्या. त्या दिवसापासून कंडक्टरताईंनी जुनं नाव तोंडातून काढलं नाही.

पुढे गंमतच झाली. दवाखान्यात नवीन नर्स आली, तिला वाटलं हेच गावाचं नाव. गाडीत बसून तिने ऐटीत सांगितलं, "एक आपलंगाव द्या." लगेच मागून कुणीतरी म्हणालं, "मलापण एक आपलंगाव!" नाव चिकटलं ते चिकटलंच. शेजारच्या गावचा दूधवाला आडमुठ्यांची टिंगल करण्यात पटाईत, पण आता तिकीट काढताना त्यालाही "आपलंगाव" म्हणावं लागे. ताई लगेच विचारायच्या, "आपलं ना? मग राहायला कधी येताय?"

बाबांना मात्र हे मुळीच पटलं नाही. ते गवंडी, अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. "नाव म्हणजे काय सदरा आहे, मळला की बदलायला?" ते म्हणायचे. लेकीने खूप समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग माशी शिंकली. दिवसाच्या फेरीत बियाण्यांचा एक व्यापारी "आडमुठे" कधी पुकारतात याची वाट बघत बसून राहिला आणि थेट शेवटच्या थांब्यावर जाऊन पोहोचला. त्याने डेपोत जाऊन थयथयाट केला. साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं.

"पाटीवर आहे तेच पुकारायचं, बाई. नाहीतर तुमचा मार्ग बदलतो, मुक्काम दुसरीकडे."

"आणि पाटीच बदलली तर?"

साहेब मनापासून हसले. "सगळ्या गावाचं एकमत करून आणा. एकही माणूस विरोधात नको. आडमुठ्यात एकमत! बघा, जमतंय का."

"जमेल," ताई म्हणाल्या.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. अख्खं गाव हात वर करून उभं राहिलं. दोन जन्मजात वैरी भाऊसुद्धा एकाच वेळी हात वर करताना दिसले. बसून राहिले ते फक्त बाबा. ताईंनी नजर दुसरीकडे वळवली. घरचं भांडण चारचौघांत आणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काका, तुमचं काय?" सभेच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझं आडमुठेच."

म्हातारा सावकाश उठला, गुडघे धरून सरळ झाला.

"माझं आडमुठेच, ते मरेपर्यंत. पण ही दुसरीकडे मुक्कामाला गेली तर मी त्या आडमुठ्यात काय करू? भिंतींशी बोलू? पोरगी संध्याकाळी जिथे उतरेल ते माझं गाव. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा."

अध्यक्षबाई गोंधळल्या. "म्हणजे... हो समजायचं ना, काका?"

"हो म्हणतोय ना! कितीदा विचारता?" बाबा कडाडले, आणि कधी नव्हे तो हात वर केला.