बॉक्सवुडची हळद

ओवे गाव संपून खारघरच्या उंच इमारती सुरू होतात, तिथे कमळाकर घरतची नर्सरी आहे आणि समोरच्या इमारतीत मी. माणूस लाखात एक, पण त्याला काडीचा धीर नाही. हे मी शब्दशः सांगतोय. मातीत काडी खोचली की दुसऱ्या सकाळी हा ती उपटून बघणार, मुळं फुटली का. नाही फुटली की परत खोचणार. इतरांकडे कचऱ्यात फेकलेली जास्वंद फुटते, याच्याकडे ती कुंडीत मरायची. मग हा दुसरीकडून रोपं आणायचा आणि आम्हाला ‘घरचीच हायत’ म्हणून खपवायचा. मी दोनदा फसलो, त्यामुळे त्याच्यावर माझा थोडा दात होता.

यंदा पौषात तो स्वतःच्याच थापेत अडकला. पनवेलला भांड्यांचं दुकान चालवणारा नझीर हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. नझीर शिमल्याला फिरायला गेला होता आणि तिथून बॉक्सवुडचं एक झुडूप मांडीवर घेऊन परतला होता. बारीक पानांचं, दाट. कातरून हवा तो आकार द्यावा असं. त्याचं कुंपण घरापुढे करायचं त्याच्या मनात होतं. पण पनवेलच्या एकाच उन्हाळ्यात झुडूप अर्धं करपलं.

“कमळ्या, हे अजून एक गरमी काढणार नाय,” नझीर म्हणाला. “थंडी हाय तवर काड्या लाव आन् त्याची नस्ल वाचव. तुझ्याकडं तर सगलं घरचंच होतं ना?”

मी शेजारीच उभा होतो. कमळाकरने माझ्याकडे बघितलं नाही.

त्याने चार बोटं लांबीच्या काड्या कापल्या, खालची पानं काढली, तळाला भोकं असलेल्या ट्रेमध्ये ओली वाळू भरून त्यात खोचल्या, वर प्लास्टिक घातलं आणि ट्रे आंब्याच्या सावलीत ठेवला. सगळं अगदी बरोबर. “ही जात आळशी. मुळं फोडायला महिने घेते,” असंही मला बजावलं. दुसऱ्या सकाळी बाल्कनीतून खाली बघतो तर हा एक काडी उन्हात धरून निरखतोय. माघ लागेपर्यंत निम्म्या काड्या काळ्या पडल्या, आणि नझीरकडचं मूळचं झुडूपही वाळून गेलं. उरलेल्या काड्या गेल्या की सगळंच संपणार होतं.

तेव्हा त्याची बायको चंद्रावती मधे पडली. ती धवलारीण आहे, म्हणजे आगरी लग्नात धवले गाऊन सगळे विधी लावणारी बाई. तिच्यापुढे भटजीही जपून बोलतात. तिने उरलेल्या काड्यांच्या टोकांना हळद फासली, कुजू नये म्हणून. त्या परत खोचल्या, ट्रेभोवती चार बांबू रोवून आंब्याची डहाळी बांधली आणि खड्या आवाजात धवला म्हटला.

“हलद लागली यांना,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता मांडवाभायेर पाऊल नाय. तुमी पोरीचे बाप. लांब बसा.”

शास्त्र सांगून थकलेले लोक मला माहीत आहेत, त्यांत मी एक. पण हळद लागलेल्या नवरीला मांडवाबाहेर काढायची कमळाकरची छाती नव्हती. तो लांब बसला आणि वाळायला लागला. एकदा मला हळूच म्हणाला, “तुमी आमच्यातले नाय, तुमाला दोष लागायचा नाय. एकच काडी उचलून बघा ना.” खोटं कशाला बोलू, माझा हात गेला होता. आतून चंद्रावती खोकली आणि मी घरी आलो.

शिमगा झाला, दुपारी ऊन चटकायला लागलं. काड्यांना पोपटी पालवी आली तरी कमळाकरचा विश्वास बसेना. “पानं फसवतात,” तो म्हणायचा. शेवटी एके सकाळी चंद्रावतीने ट्रे वर उचलून त्याला तळ दाखवला. भोकांतून पांढरी मुळं लोंबत होती. कमळाकरने हात मागे बांधून ती बघितली आणि त्याचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, दात वगैरे विसरून.

प्रत्येक रोप कुंडीत बसलं आणि नझीर टेम्पो घेऊन आला. रीतसर पाठवणी झाली. चंद्रावती गायली, कमळाकर टॉवेलात तोंड घालून रडला. “व्याही, सबर कर,” नझीर म्हणाला, “सासर पनवेललाच हाय.”

आठवडाही गेला नसेल, कमळाकर नारळ घेऊन माझ्या दारात. सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस जातं, त्यालाही मूळच म्हणतात. “मी मूळ जातोय,” तो म्हणाला, “चला सोबतीला.” याला एक रोप उपटून बघायचंय, हे मला जिन्यातच कळलं. रोखायला म्हणून मीही गेलो.

नझीरच्या फाटकातून बघतो तर तो कुंडीपुढे उकिडवा बसलेला. रोप जरा मलूल दिसत होतं आणि त्याने त्याचा बुंधा चिमटीत धरला होता.

“जरा बघतो,” तो ओशाळून म्हणाला, “मूळ हाय का गेलं.”

कमळाकरने नारळ माझ्या हातात कोंबला आणि धावत जाऊन त्याचं मनगट पकडलं.

“हात काढ, व्याही,” तो म्हणाला. “पोरीला नांदू दे.”