डाव्या कडेची तांबडी रेघ

चार ऑक्टोबर. सहामाहीचे गणिताचे पेपर तपासत पडवीत बसले होते. माझ्या मैत्रिणीचा, कुसुमचा थोरला भाऊ, ज्याला मीही दादाच म्हणे, मुंबईहून परस्पर माझ्याकडेच आला. पायरीवर पिशवी ठेवून म्हणाला, "कुसूम गेली गो... डोक्यात गाठ होती. डॉक्टर इचारी होतो, डाव्या अंगाचां कधीपासून दिसणा नाय म्हणान. आमका काय म्हायत!" मग पिशवीतून एक जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "ही तुकाच देवक सांगल्यान."

वही मी ओळखली. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात होतं, आणि उत्तराशेजारी माझं अक्षर होतं.

कुसुम माझी मिठबाव गावची मैत्रीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा वारला आणि ती माहेरी परतली. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. तिलाही शिक्षिकाच व्हायचं होतं, पण त्यासाठी तेव्हा सातवीची फायनल परीक्षा पास व्हावी लागे, आणि गणितात ती दोनदा नापास झाली होती. दादा वाईट नव्हता, पण त्याने बजावलं, "ह्या खेपेक पास झालंस तर बरां, नायतर मुंबैक काकीकडे भाकऱ्यो भाज." कुसुमला भाकऱ्यांचा तिटकारा नव्हता, दुसऱ्याच्या घरात जन्म काढण्याचा होता.

तिसऱ्या खेपेला तिने मालवणच्या एका मास्तरांकडून जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या. रोज दुपारी ती एक पेपर सोडवी, मी तपाशी. नुसतं 'चूक' एवढ्याने तिचं भागत नसे. वहीत तिने चार रकाने आखले होते: येत नव्हतं, येत होतं पण घाई केली, प्रश्न अर्धाच वाचला, आणि शेवटचा, कशी झाली कळत नाही. प्रत्येक चूक आपापल्या रकान्यात जाई. ज्या रकान्यात गर्दी, त्याच्यावर आठवडाभर मेहनत. काळ-काम-वेग पक्कं झालं तसा पहिला रकाना ओस पडला. उत्तराचा उलटा पडताळा घ्यायची सवय लागली, घाईही उतरली. गुण अठ्ठावीसवरून एकेचाळीसवर आले. चौथा रकाना मात्र वाढतच गेला.

तीनशे सत्तेचाळीसचे नुसते सत्तेचाळीस होत. कधी पानाच्या डाव्या बाजूचं अख्खं गणित राहून जाई. मी दरवेळी तांबड्या पेन्सिलीने शेरा मारी: निष्काळजी.

"डोळे खंय ठेवलंस गो?"

"डोळे थंयच आसत. आकडोच खंयतरी जाता," ती हसत म्हणे.

त्याच दिवसांत तिचा डावा खांदा सारखा चौकटीवर आपटायचा. काळानिळा पडलेला मी पाहिला होता. "आमच्या दाराक शिंगा फुटली आसत," ती म्हणाली. मीही हसले. कधी कधी ती कपाळ दाबून बसे... मी म्हणे, झोप पुरत नाही तुला.

उपाय तिनेच शोधला. चौथ्या रकान्यातल्या सगळ्या चुका एकाखाली एक लिहिल्या आणि म्हणाली, "बघ गो, सगळे डावीकडचेच." इथवर आम्ही पोचलो होतो. डावीकडचेच का, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. आम्हाला गुण हवे होते. माझीच तांबडी पेन्सिल घेऊन ती प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला जाड रेघ मारू लागली. रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायचं. चौथा रकानाही आटला.

परीक्षेत चौसष्ट गुण मिळाले. नोकरी लागली. तीन वर्षं तिने शिकवलं. फळ्यावरही आधी डावीकडे उभी रेघ ओढायची. पोरांना वाटे, बाईंची शिस्त. मलाही तसंच वाटे. यंदा सप्टेंबरात त्याच रेघेपाशी, हातात खडू असताना, ती कोसळली. दादाने तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं.

दादा गेल्यावर मी वही चाळली. माझे शेरे मोजले नाहीत. बाजूच्या गठ्ठ्यात वरचाच पेपर यशोदा नावाच्या मुलीचा होता. फळ्यावरची गणितं तिने चुकीची उतरवून घेतली होती आणि मग बिनचूक सोडवली होती. खाली माझा शेरा होता, थोड्याच वेळापूर्वी लिहिलेला. तोच शब्द.

याला आता महिना होत आला. वही माझ्या टेबलावरच असते. पेपर तपासताना ती उघडी ठेवते.

दादा आला त्या दिवशी उरलेले पेपर तपासले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, यशोदेला बोलावून घेतलं. फळ्यावर आकडे लिहिले आणि ते वाचत वाचत एकेक पाऊल मागे जायला सांगितलं.

चौथ्या पावलाला तिचं वाचणं थांबलं.