शेवंताचा एकच इंग्रजी शब्द

आमच्या शेवंताला इंग्रजीतला एकच शब्द यायचा. अडजस्ट. लग्न होऊन निपाणीहून बेंगळुरूला आली, तेव्हा के. आर. पुरमच्या बसमध्ये पहिल्याच दिवशी तो शिकली. तिघींच्या सीटवरची एक बाई शेजारणींना म्हणाली, "स्वल्प अडजस्ट माडी," आणि हिला चौथी बसवून घेतली. कानडीत स्वल्प म्हणजे थोडं, माडी म्हणजे करा.

घरी तिनं तो शब्द लगेच कामाला लावला. आमची एकच खोली, आणि गावाकडून नोकरी शोधायला कुणी ना कुणी आलेलं. मी कारखान्यातून दमून यायचो आणि ओरडायचो, "ही काय धर्मशाळा आहे?" ती स्वतःची वाकळ भिंतीकडं ओढून म्हणायची, "स्वल्प अडजस्ट करा की हो. माणूस काय जागा खातोय व्हय?" मला त्या शब्दाचाच राग यायचा. अडजस्ट म्हणजे गपगुमान सोसायचं, असं मी धरून चाललो होतो. मी चौथी नापास. मला कोण सांगणार?

गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती. दुपारची वेळ, वॉर्ड माणसांनी भरलेला. नुसती हाडं राहिली होती, तरी खाटेच्या कडेला सरकली आणि चादरीवर हात थोपटला. "इथं बसा माझ्याजवळ. स्वल्प अडजस्ट होतंय."

"लोक बघतायत. मी स्टुलावर बरा आहे."

"बसा जन्मभर स्टुलावर," म्हणाली आणि हसली. त्याच संध्याकाळी गेली.

दिवस झाल्यावर खालच्या मजल्यावरचे मास्तर भेटायला आले. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "अण्णा, अक्कांचा तो शब्द मी कोशात बघितला. मुळाशी गेलं की लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निघतो, जवळ आणणं. नीट बसवणं, जुळवून घेणं, हे सगळं मागाहून आलं."

"मग आधी का नाही सांगितलं?" मी उखडलो.

"तुम्ही कधी विचारलंत?"

परवा सर्जापूर रोडला राहणारा मुलगा घरी आला. मला बघून म्हणाला, "बाबा, दिवाणाच्या कडेला असं अंग चोरून काय बसलाय? बाकी अख्खा रिकामा आहे. मधे बसा की."

म्हटलं, "राहू दे. अडजस्ट केलंय मी."