केबल लावली की बेल वाजते

"टेबलावर चालतं ना?" हे वाक्य परत कोणी माझ्यासमोर बोललं तर मी त्याला भर दुपारी साकीनाक्याच्या सिग्नलवर उभा करणार आहे.

आमच्या युनिटमध्ये पेशंटसाठी कॉल-बेल बनतात. परवा मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये एका आजींनी बेल दाबली, दाबतच राहिल्या, शेवटी स्वतः उठायला गेल्या आणि पडल्या. आमचे सावंत सर फोनवर ठणकावून म्हणाले, "बेल ओके आहे. तुमची वॉर्डातली मावशीच जागेवर नसेल."

आज तिथल्या सिस्टर बेल घेऊन आल्या. सरांनी लॅपटॉपची केबल जोडली, बटण दाबलं, वाजली! "बघा, झकास चालतेय."

मी केबल उपटली, मिनिटभर थांबले आणि बटण दाबलं. आवाजच नाही.

सेल वाचवायला सरांनी कोडमध्ये बेलच्या चिपला गाढ झोपवलं होतं. त्या झोपेत चिपचं आतलं घड्याळ, म्हणजे क्लॉक, बंद, म्हणून टायमर बंद. आणि 'बटण बघ' म्हणून चिपला टोकणारा इंटरप्ट त्या टायमरकडूनच येतो! केबल जोडलेली असली की क्लॉक चालू राहतं. म्हणून टेबलावर सगळं मस्त.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "मावशीला आम्ही कालच काढलं हो. तुमच्या शब्दावर."

सर म्हणाले, "नवीन कोड टाकून देतो ना."

कोड मी तासाभरात बदलला. आता बटणच चिपला उठवतं. मावशींना एक फोन करा म्हटलं, तर सर म्हणतात, "आपला काय संबंध?"

तुम्हीच सांगा रे, काय संबंध ते.