मी न पाठवलेला मेसेज

मी चेन्नईत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे अविश्वास हाच माझा धंदा. डेव्हलपर आईची शपथ घेऊन म्हणाला "चालतंय", तरी मी मानत नाही, तिथे भूतखेत किस झाड की पत्ती! गावाकडे कुणी अमावास्येची गोष्ट काढली की मी विचारायचो, "पुन्हा करून दाखवता येईल का? नाही ना? मग बग क्लोज." त्यामुळे हे इथे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण ऑफिसात कुणी ऐकून घेत नाही, निदान तुम्ही तरी ऐका.

आमचं ऑफिस मैलापुरात, एका साड्यांच्या दुकानाच्या वर. आम्ही हॉस्पिटलांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. त्यातलं एक हॉस्पिटल (नाव सांगत नाही, आधीच पुरेसा बदनाम झालोय) पुण्यात शाखा काढणार होतं, म्हणून पेशंटला जाणारे SMS मराठीतही हवे होते. अख्ख्या मजल्यावर मराठी मी एकटा, साताऱ्याचा. काम आपोआप माझ्या गळ्यात.

आता टेस्टिंग कसं होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खऱ्या सिस्टिमची एक हुबेहूब नक्कल असते, तिला आम्ही स्टेजिंग म्हणतो. तिथे खोटे पेशंट, खोटे नंबर. 'सेंड' दाबलं की SMS बाहेर जात नाही, आमच्याच एका खोट्या इनबॉक्समध्ये येऊन पडतो. थोडक्यात, कितीही धिंगाणा घाला, जगाला पत्ता लागत नाही.

मराठी जोडाक्षरं फुटत होती. डेव्हलपर कार्तिक ती दुरुस्त करायचा, मी तपासायचो, पुन्हा फुटायची. मी म्हणालो, "अरे, नीट मजकूर तरी दे." तर हा कीबोर्डवरून मान वर न करता म्हणतो, "मच्चान, टेक्स्ट काहीही टाक. टेक्स्ट कोण वाचतो?" मच्चान म्हणजे आपलं 'दोस्ता'.

टाळकं सटकलं माझं. माझी आत्या दुखणी लपवणाऱ्यांना जसं झापते, तसंच्या तसं टाइप केलं: "छातीत दुखतंय ना? मग लपवून काय ठेवतेस? आजच्या आज दवाखान्यात ये. नाटकं पुरेत." पेशंटचं नाव शांताबाई टेस्टकर. मोबाईल नंबर, दहाही आकडे नऊ. सेंड. खोट्या इनबॉक्समध्ये मेसेज आला, अक्षरं शाबूत. टेस्ट पास. मी कॉफी प्यायला खाली गेलो.

त्याच आठवड्यात आमच्या मॅनेजर विजी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी शांत. म्हणजे प्रकरण गंभीर.

"नितीन, व्हॉट इज 'नाटकं पुरेत'?"

झालं असं होतं — वेस्ट मांबलममधल्या मुरली राव नावाच्या गृहस्थांची तक्रार आली होती. त्यांच्या आईला, कमलाबाईंना, हॉस्पिटलच्या नावाने माझा तो मेसेज गेला होता. मुरलीला देवनागरी येत नाही, त्याने फोनकडून इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि तो भडकला. माझ्या आईच्या छातीत दुखतं हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि तिला झापण्याचा अधिकार कुणी दिला? कारण बाईंच्या छातीत खरंच दुखत होतं! कित्येक दिवस घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मेसेज वाचला, साडी बदलली, एकट्या रिक्षा करून हॉस्पिटलात गेल्या. हृदयाची एक नस जवळजवळ बंद. त्याच दिवशी स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबल्या असत्या तर काही सांगता आलं नसतं.

म्हणजे आई वाचली, आणि त्याबद्दल लेकाने तक्रार केली.

"मॅडम, मी नाही पाठवला."

"वाक्य कोणाचं?"

"माझं."

"बटण कोणी दाबलं?"

"मी... पण—"

"मग?"

यात माझा पूर्वेतिहास आड आला. मागे एकदा टेस्टिंग करताना मी अख्ख्या कंपनीला 'अभिनंदन, तुम्हाला कन्यारत्न झालं आहे' असा मेल पाठवला होता. अकाउंट्सच्या एका अविवाहित साहेबांना त्याचा घरी बराच त्रास झाला. तो घोळ माझाच, कबूल. पण हा नाही हो!

कार्तिकने सगळं उलटंपालटं करून बघितलं. हे मात्र त्याचं मान्य करायला हवं. स्टेजिंगचा बाहेरच्या SMS कंपनीशी संबंधच जोडलेला नव्हता. त्या कंपनीनेही कळवलं, असा मेसेज आमच्याकडून गेलेला नाही. कमलाबाईंचं नाव त्या दिवसापर्यंत ना आमच्या डेटात होतं, ना हॉस्पिटलच्या. त्यांचा नंबर म्हणजे काही सगळे नऊ नव्हेत. मी तोच मेसेज, तोच पेशंट, तोच नंबर, पुन्हा पुन्हा पाठवून पाहिला... दर वेळी मुकाट खोट्या इनबॉक्समध्ये. आणि एवढ्या मोठ्या तमिळ शहरात तो पोहोचला कुठे, तर पिढ्यान्पिढ्या तमिळनाडूत राहिलेल्या एका तंजावरी मराठी घरात! दुसऱ्या कुणी कर्जाची जाहिरात समजून पुसून टाकला असता.

पण हॉस्पिटलला कारण हवं होतं. कारण मिळेपर्यंत मराठी SMS बंद, आणि दोष टेस्टरचा निघाला तर टेस्टर प्रोजेक्टबाहेर. कारणाच्या फॉर्ममध्ये तीनच पर्याय: कोड, कॉन्फिगरेशन, ह्युमन एरर. 'कोण जाणे' हा पर्यायच नाही.

"कोड क्लीन," कार्तिक म्हणाला. "कॉन्फिग क्लीन. मच्चान, ह्युमन तू आहेस."

मी सही करायला साफ नकार दिला. खरे घोळ इतके केलेत, न केलेला कशाला अंगावर घेऊ?

तेवढ्यात मुरलीचा फोन. आवाज पार बदललेला. "सार, एकदा घरी याल का? अम्मा मात्रै घेत नाही." मात्रै म्हणजे गोळ्या.

गेलो. वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. मुरलीने मला आधी स्वयंपाकघरात ओढलं. "स्टेंटनंतर गोळ्या बंद केल्या तर पुन्हा ब्लॉक होतो, सार. अम्मा म्हणते, मेसेज तिच्या अक्काने पाठवला. पुन्हा अक्काचा मेसेज आला तरच गोळी घेणार. अक्का जाऊन किती वर्षं झाली! तुम्ही फक्त म्हणा, मीच पाठवला. प्लीज."

"अहो, तक्रार तुमचीच आहे. तुमच्यासमोर कबूल केलं की मी संपलो!"

"ते मी बघतो, सार."

बाहेर कमलाबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. फोन मांडीवर. "ये की. बैस. तूच का तो साताऱ्याचा?" त्यांची मराठी जुनी, वळण तमिळ. फोन पुढे केला. हॉस्पिटलच्या नावाखाली माझंच वाक्य, अक्षर न् अक्षर.

"माझी थोरली अक्का अस्संच रागे भरत होती," त्या म्हणाल्या. "ती गेल्यावर मला मराठींत रागे भरणार कोणी उरलं नाही. हा मुरली तमिळींत ओरडतो, ते लागत नाही."

मुरली माझ्याकडे बघत होता. गोळ्यांची पाकिटं स्टुलावर तशीच्या तशी पडलेली.

"मावशी," मी म्हणालो, "तो मेसेज मीच पाठवला. चुकून. अक्काने नाही. आणि आता तोंडाने सांगतोय, गोळी घ्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लटकं सांगतोस."

लटकं! हा शब्द मी शाळेच्या पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच ऐकला.

"नाही मावशी, खरंच मी—"

"तूं मला ओळखत होतास?"

"नाही."

"ओळख नसतां कोणी कोणाला रागे भरतं का रे, कण्णा? पो दा!" कण्णा म्हणजे बाळा, पो दा म्हणजे जा रे. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पण इतकं ऊन खात लटकं सांगायला आलास. दे ती मात्रै. मुरली, ह्याला कॉफी दे."

आणि घेतली की गोळी!

मुरलीने 'ते मी बघतो' म्हणजे काय बघितलं, तर तक्रार मागे घेताना आभाराचं पत्र लिहिलं, त्यात ठळक अक्षरांत — तुमच्या टेस्टरने स्वतः घरी येऊन चूक कबूल केली, असे प्रामाणिक लोक हल्ली मिळत नाहीत. विजी मॅडमनी ते पत्र जोडून फॉर्म बंद केला. ह्युमन एरर. मी सध्या एका पार्किंगच्या अ‍ॅपचं टेस्टिंग करतो.

मेसेज कसा गेला? ठाऊक नाही. कार्तिकलाही नाही, तो हल्ली माझ्याशी हा विषय टाळतो. मी खरं सांगत होतो तेव्हा ऑफिसात कुणाला पटलं नाही. मेसेज मी पाठवलेला नाही हे अख्ख्या चेन्नईत ठामपणे सांगणारी एकच साक्षीदार आहे, आणि तिचं म्हणणं आहे की तो अक्काने पाठवला. आता ही साक्ष फॉर्मच्या कुठल्या रकान्यात भरू, तेवढं कुणीतरी सांगा.