न केलेली तार

मी एकदा मेलो आहे. थट्टा नाही. कल्याणच्या खाडीकाठी माझं दहन झालं, दहावा झाला, तेरावा झाला, आणि गावातली चाळीस-पन्नास माणसं माझ्या नावाने पोटभर जेवून गेली. त्यातली काही अजून आहेत; रस्त्यात भेटली की उगीचच घाईत असतात. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. घरात हा विषय कोणी काढत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो. लिहायच्या आधी हिला विचारलं. लिहा म्हणाली.

मुंबईच्या एका शेटजींचा जमिनीचा दावा विलायतेच्या वरच्या कोर्टात गेला होता. जुने कागद सगळे मोडीत, आणि तिथल्या बॅरिस्टरसाहेबांना ओळीओळीला शंका. मोडी वाचून इंग्रजीत सांगणारा माणूस हवा, म्हणून शेटजी मला बरोबर घेऊन गेले. समुद्र ओलांडायचा म्हटल्यावर आईने चार दिवस अन्न टाकलं. परत आला की प्रायश्चित्त घेईल, असं सांगून थोरल्या भावाने तिची समजूत काढली. वडील मागेच गेले होते, त्यामुळे घरात शब्द त्याचा. बायको ठाण्याची, नौपाड्यातली. तिचे वडील तिथल्या कचेरीत कारकून होते. निघताना तिने एवढंच विचारलं, की कधी याल. पौषात, असं मी सांगितलं. मूलबाळ नव्हतं आम्हांला.

काम उरकलं. शेटजी निकालासाठी मागे राहिले आणि मी एकटा निघालो. निघण्याआधी घरी पत्र टाकलं, अमक्या आगबोटीने येतो म्हणून, आणि बोटीचं नाव मुद्दाम बाळबोध अक्षरात ठसठशीत लिहिलं. हे पत्र वेळेवर पोचलं. न पोचतं तर बरं झालं असतं.

बेत असा होता की आगगाडीने इटलीतल्या बंदरापर्यंत जायचं आणि तिथे बोट धरायची. पण मोठे डोंगर लागायच्या आधी एका एवढ्याशा स्टेशनात गाडी संध्याकाळी थांबली ती थांबलीच. सकाळी खिडकी उघडायला गेलो तर हलेना. बाहेर बर्फ काचेला टेकला होता. बर्फ मी पुस्तकात वाचला होता. पण आख्खी आगगाडी गिळून वर काही घडलंच नाही असा तो पसरलेला बघितल्यावर मी हादरलोच. आमच्याकडे पाऊस नुसता धिंगाणा घालतो, पण आपण आलो आहोत हे सांगून तरी घालतो. हा मुकाट्याने पडत होता. पुढची लोखंडी वाट आहे की नाही तेही दिसेना. फावडी घेऊन माणसं उतरत आणि तासाभरात लाल तोंडं करून परत येत.

असे चार दिवस गेले. मी बरोबरचे पोहे आणि गूळ खाऊन राहिलो. लोटाभर बर्फ अंगाच्या उबेने वितळवून पीत होतो, आणि हे आभाळातून पडलेलं पाणी, याला कोणाची शिवाशिव नाही, अशी स्वतःची समजूत घालत होतो. शेजारच्या बाकावर मुंबईचे एक पारशी डॉक्टर होते, तेही त्याच बोटीला निघालेले. माझं हे शहाणपण ऐकून ते पहिल्यांदाच हसले.

पाचव्या दिवशी वाट मोकळी झाली. बंदरावर पोचलो तर बोट आदल्या दिवशी सुटलेली. पुढची पंधरा दिवसांनी. मी धक्क्यावरच ट्रंकेवर बसलो आणि त्या बर्फाला शुद्ध मराठीत शिव्या घातल्या. गारठा असा की दात वाजत होते. तिथल्या एका खानावळीत खोली घेतली आणि दिवस ढकलत राहिलो.

डॉक्टर पहिल्याच दिवशी तारऑफिसात गेले, घरी तार केली, आणि मलाही म्हणाले, करून टाका. मी आत गेलो. कागद हातात घेतला. तो तसाच ठेवून बाहेर आलो.

कारण आमच्या गल्लीत तार म्हणजे मरण. दुसऱ्या कशासाठी तार येतेच कुठे? वडील दौऱ्यावर असताना गेले तेव्हा तारच आली होती. तारेचा शिपाई गल्लीच्या तोंडाशी दिसला की बायका आधी रडायला बसत, आणि कोणासाठी ते मागाहून ठरे. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. तार घेऊन भाऊ स्टेशनमास्तरकडे वाचून घ्यायला जाणार, आणि तो परत येईपर्यंत आईचं काय होणार, हे मला तिथे बसून दिसत होतं. ठाण्याला सासऱ्यांच्या नावे करता आली असती. त्यांना इंग्रजी येत होतं. पण मुलाची खबर आईच्या आधी व्याह्यांना कळली, हे आई जन्मात विसरली नसती. म्हणून मी पत्र लिहिलं. ते पत्र मी ज्या बोटीने जाणार तिच्यातूनच जाणार होतं, म्हणजे माझ्याआधी पोचणार नव्हतं. हे मला कळत होतं. तरी पत्र टाकल्यावर जिवाला बरं वाटलं. बारा-पंधरा दिवस उशीर झाला म्हणून कोणी मरत नाही, असं मी डॉक्टरांना म्हणालोसुद्धा.

पंधरा दिवसांनी आमची बोट सुटली. एडनला ती कोळसा घ्यायला थांबली. डॉक्टर किनाऱ्यावर उतरले होते, ते दुपारी परत आले आणि माझ्याजवळ बसले. मग त्यांनी विचारलं, की घरी कोणत्या बोटीचं नाव कळवलं होतं. मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. आम्हांला चुकलेली ती बोट एडन सोडल्यावर कोळशाला आग लागून भर समुद्रात जळाली होती. थोडे लोक वाचले, त्यांना दुसऱ्या गलबताने परत आणून सोडलं. बातमी मुंबईला कळून नऊ दिवस झाले होते.

आपण वाचलो, असं माझ्या मनात आलंच नाही. मनात आलं ते भावाच्या हातातलं माझं पत्र, आणि त्यातलं ते ठसठशीत नाव. मी किनाऱ्यावर उतरून पळत तारऑफिस गाठलं. सुखरूप आहे, दुसऱ्या बोटीने येतो, असं लिहिलं, दोनदा वाचलं, कारकुनाकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. उद्यापर्यंत कल्याणला पोचेल असं त्याने सांगितलं. मग पुढचे सहा दिवस बोटीवर मी बराच शांत होतो. कसंही असो, आता त्यांना कळलं होतं.

मुंबईला धक्क्यावर कोणी आलं नव्हतं. सुतक-सोवळं असेल काही, असं म्हणून मी गाडी धरली. कल्याणला उतरलो तो भर दुपारी. फाटकापाशी आमच्या ओळखीचा फुलवाला बसे. त्याने मला पाहिलं, टोपली तिथेच टाकली आणि चालू लागला. तार पोचली असती तर हा पळाला नसता.

घराच्या अंगणात पाऊल टाकलं तर ओटीवर भाऊ. डोक्याचा गोटा, मिशा उतरवलेल्या. तो उठला आणि पायरीवर आडवा उभा राहिला. पुढे आला नाही, मलाही येऊ देईना. आतून आईचा हुंदका ऐकू आला, पण तिलाही कोणी बाहेर येऊ दिलं नाही. ज्याचं और्ध्वदेहिक झालं तो दारात उभा आहे. त्याला घरात घ्यायचं कसं, हे शास्त्र्यांना विचारल्याशिवाय ठरत नव्हतं. मला रागही येईना. मी आपल्याच अंगणात पाहुण्यासारखा उभा होतो आणि बघत होतो.

माजघराच्या दाराशी तांबडं लुगडं नेसलेली एक विधवा बाई उभी होती. पदर कपाळापर्यंत, खाली केशवपन केलेलं डोकं. मी भावाला विचारलं, या कोण आल्यात आपल्याकडे? तो खाली बघू लागला. तेव्हा मी तिचे हात बघितले. हात ओळखीचे होते.

पुढचं मला भावाने सांगितलं, अंगणातच. बातमी आली, नाव जुळलं, दोन दिवस वाट पाहिली. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी दिला. आणि नवव्या दिवशी तार आली.

तार आली होती. त्याने ती सही करून घेतली होती आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली होती. फोडली नव्हती. आमची धाकटी बहीण तेव्हा लांब वऱ्हाडात बाळंतपणाला टेकली होती. तार तिचीच असणार, असं त्याने धरलं. आईला एकाच वेळी दोघांचं ऐकायला लावायचं त्याला धैर्य झालं नाही. शिवाय जे कानावर पडलं नाही त्याचं सुतक लागत नाही, हे आमच्याकडे सगळेच मानतात. निदान याचं तरी नीट पार पडू दे, मग वाचू, असं तो म्हणाला. मग तेरावा झाला, तरी त्याचा हात त्या पाकिटाला लागेना.

"तिने सांगितलं होतं," तो माजघराच्या दाराकडे मान करून म्हणाला. "कोपऱ्यात बसल्या बसल्या म्हणाली, एकदा वाचून आणा. मी म्हटलं, तू बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला."

मी आईसाठी तार केली नाही. त्याने आईसाठी तार वाचली नाही. त्याला काय बोलणार?

शास्त्री आले. त्यांच्यापाशी यालाही उत्तर होतं. मेलेला म्हणून ज्याचे संस्कार झाले तो परत आला तर तो नव्याने जन्माला येतो. त्याचे सगळे संस्कार पुन्हा करायचे. मला तुपाने भरलेल्या घंगाळात बसवलं. बाहेर काढून जातकर्म केलं, कानात नाव सांगितलं, तेच जुनं. उष्टावण झालं, मुंज झाली. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी आईच्या मांडीशी बसून मातृभोजन जेवलो. तेव्हा आई रडत होती आणि मला भरवत होती. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्तही त्यातच उरकलं. आणि मग शास्त्र्यांनी सांगितलं, की आता त्याच बायकोशी विवाह.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं भटजींनी घाईघाईने म्हटली. बाकी कोणी सूर लावला नाही. पाट खाली गेला तेव्हा समोर हिरवं लुगडं नेसलेली, कुंकू लावलेली ती उभी होती, आणि पदराखाली कापलेल्या केसांचे काळे खुंट दिसत होते. मी मंगळसूत्र बांधलं. बायका अक्षता टाकताना तिच्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, चला, सुटलो. जे मोडलं होतं ते शास्त्राने जोडून दिलं. इतका गाढव मी होतो.

तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत ती तांदूळ निवडत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, की चुकलं माझं, पहिल्याच दिवशी तार करायला हवी होती. तिने सूप खाली ठेवलं.

"पहिल्या लग्नात मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं नाही. तेव्हा मला कळतही नव्हतं. तार आली तेव्हा मी सांगितलं, ते भाऊजींनी ऐकलं नाही. आणि आता तुम्ही शास्त्र्यांना विचारलंत, भटजींना विचारलंत, सासूबाईंना विचारलंत."

कोणाला विचारायचं राहिलं ते तिने सांगितलं नाही. मी परत आलो याचा तिला आनंदच असणार, हे मी गृहीतच धरलं होतं. तो तिला होता की नव्हता हे मी तिच्या तोंडाकडे बघून कधी तपासलंच नव्हतं.

मग मी विचारलं. माझ्याबरोबर राहशील का, असं सरळ विचारलं. लग्नाला तेरा वर्षं आणि तीन दिवस झाल्यावर.

तिने पदराखाली हात घातला आणि डोक्यावरून सावकाश फिरवला.

"हे वाढू दे," ती म्हणाली. "वेणी घालता आली की सांगेन."

वेणी घालण्याइतके केस यायला पावणेदोन वर्षं लागली. तोवर मी ओटीवर झोपलो. ती काय म्हणेल हे मला शेवटच्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.